दुसरी कोण?

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा माझ्या मनात एकच विषय होता. गेल्या श्रावणात आपण सागरगोट्यांच्या सामन्यांचा घाट घातला, त्यात स्पर्धाप्रमुख म्हणून माझ्या हातून एक चूक झाली. त्या चुकीपायी दोन भगिनींची मने दुखावली आणि काही दिवस त्यांचे मंडळात येणे थांबले. चूक नेमकी कशात होती हे शोधता शोधता मी दीडशे वर्षांच्या इतिहासात जाऊन पोहोचले. तो इतिहास मला इतका मौजेचा वाटला की मैत्रिणींना सांगितल्यावाचून राहवेना. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या भगिनी त्या दिवशी आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी घडलेली हकीकत आधी सांगते. सागरगोटे कसे खेळतात हे कुणाला सांगावयास नको. पाच गोटे घ्यावयाचे. एक वर उडवून खालचे आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एका मुठीत उचलायचे आणि वरचा झेलायचा. गोटा निसटला की डाव दुसरीकडे. चारही पायऱ्या आधी पूर्ण करील ती जिंकली. नावे आली १९. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत सर्व आटोपायचे होते, म्हणून मी बाद पद्धत ठरवली. हरली ती बाद, जिंकली ती पुढच्या फेरीत. एका मोठ्या कागदावर रेघा आखल्या, तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि एका छोट्या मुलीला त्या काढावयास सांगितले.

१९ बायकांच्या ९ जोड्या झाल्या आणि एक उरली. जिला जोडीदारीण उरत नाही ती न खेळताच पुढच्या फेरीत जाते. खेळाच्या भाषेत ह्याला ‘पुढे चाल’ म्हणतात. पहिल्या फेरीनंतर १० जणी राहिल्या, दुसरीनंतर ५. ह्या पाचांत पुन्हा एकीला पुढे चाल द्यावी लागली, आणि चिठ्ठी निघाली आपल्या धाकट्या वहिनींची. पाचांच्या तीन झाल्या. तिघींतही एकीला पुढे चाल, आणि दैवाची गंमत अशी की पुन्हा वहिनींचीच चिठ्ठी! अशा रीतीने दोनच सामने जिंकून वहिनी अंतिम फेरीत जाऊन बसल्या. त्यांच्या प्रतिस्पर्धी भगिनी मात्र चार सामने जिंकून आल्या होत्या. अंतिम सामना पाच मिनिटांत आटोपला. विजेतीला पहिले बक्षीस मिळाले आणि वहिनींना दुसरे, झाकणाचा स्टीलचा डबा.

इकडे माई पहिल्याच फेरीत हरल्या होत्या. माई म्हणजे आपल्यातल्या सर्वांत वडील. लहानपणापासून त्यांची बोटे सागरगोट्यांवर बसलेली. त्यांची चिठ्ठी पडली ती नेमकी पुढे विजेत्या ठरलेल्या भगिनीबरोबर. दोघी शेवटच्या पायरीपर्यंत बरोबरीने आल्या आणि माईंचा एक गोटा बोटाच्या टोकावरून घरंगळला. दुपारचे तीनही वाजले नव्हते. माईंचा खेळ संपला होता. बक्षीससमारंभापर्यंत त्या शांतपणे बसून राहिल्या. निघताना मला म्हणाल्या, “मला बक्षीस नको हो. पण एकोणीस जणींत मी कितवी, एवढे तरी तुझ्या त्या कागदात बघून सांग.”

मी कागद पाहिला. कागदाप्रमाणे माई पहिल्या फेरीत हरलेल्या ९ जणींपैकी एक होत्या. त्याहून अधिक तो कागद काही सांगत नव्हता. पुढच्या आठवड्यात माई आल्या नाहीत. वहिनीही आल्या नाहीत. ‘फुकटची दुसरी’ असे कुणी तरी थट्टेने म्हटलेले त्यांच्या कानांवर गेले होते. त्यांनी डबा परत पाठवून दिला, तो मंडळाच्या कपाटात राहिला. एकच कागद, पण तो दोघींना दोन बाजूंनी लागला होता. चिठ्ठ्या तर प्रामाणिकपणे काढल्या होत्या. मग चुकले कोठे?

मी आठवू लागले, तेव्हा ध्यानात आले की आपल्या गावाकडच्या जुन्या खेळांत ही बाद फेरी फारशी नव्हतीच. जत्रेतला कुस्त्यांचा फड डोळ्यांसमोर आणा. तेथे चिठ्ठ्या टाकीत नाहीत. जाणती मंडळी वय, अंगलोट आणि तयारी पाहून जोड लावतात. पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी होते. प्रत्येक जोडीचे इनाम वेगळे. सकाळच्या कुस्तीत हरलेला पोरगा कुणाच्या शिडीवरून खाली पडत नाही; त्याची कुस्ती तेवढ्यापुरती. तिथे ‘सगळ्यांत मिळून पहिला कोण’ हा प्रश्न चिठ्ठ्यांवर सोडलेला नसतो, आणि म्हणून ‘मी कितवा’ हा प्रश्नही तसा पडत नाही.

कागदावर रेघा आखून, जोड्या पाडून, अर्धे-अर्धे करीत एकावर येण्याची ही पद्धत जगभर रुजली ती मुख्यतः इंग्लंडातून. तेथील फुटबॉल संघटना १८६३ साली स्थापन झाली. तिचे चिटणीस चार्ल्स अल्कॉक ह्यांनी १८७१ च्या जुलैत अशी सूचना मांडली की सर्व क्लबांसाठी एक चषक ठेवावा. अल्कॉक हे हॅरो शाळेचे विद्यार्थी. शाळेत निरनिराळ्या वसतिगृहांचे आपापसांत सामने होत आणि हरेल ते बाद होई. ह्या पोरखेळातून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. म्हणजे आज ज्या स्पर्धांवर कोट्यवधी माणसांचे डोळे लागलेले असतात, त्यांचे मूळ चार मित्रांच्या गमतीतच आहे.

पहिल्या वर्षी १५ क्लबांनी नावे दिली. अंतिम सामना १६ मार्च १८७२ रोजी लंडनमध्ये केनिंग्टन ओव्हलच्या मैदानावर झाला. वाँडरर्स संघाने रॉयल एंजिनियर्स संघाचा एक गोल करून पराभव केला, आणि वाँडरर्सचे कप्तान होते स्वतः अल्कॉक! आता ह्या विजेत्यांची वाटचाल पाहा. पहिल्या फेरीत समोरचा संघ आलाच नाही. दुसऱ्या फेरीत त्यांनी एक सामना जिंकला. तिसऱ्या फेरीत बरोबरी झाली, तेव्हा दोन्ही संघांना पुढे पाठविण्यात आले. उपांत्य फेरीत ग्लासगोच्या क्वीन्स पार्कशी पुन्हा बरोबरी झाली. क्वीन्स पार्क संघ त्या फेरीपर्यंत एकही सामना न खेळता आला होता, आणि फेरसामन्यासाठी परत लंडनला येण्याचा खर्च त्यांना झेपेना, म्हणून त्यांनी माघार घेतली. म्हणजे अंतिम सामन्यापूर्वी विजेत्यांनी प्रत्यक्ष मैदानावर जिंकलेला सामना एकच. हे वाचले तेव्हा मला आपल्या वहिनींची फार आठवण झाली. त्यांनी तर दोन जिंकले होते.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८७७ च्या जुलैत, विंबल्डनच्या क्लबाने टेनिसचे सामने भरविले. तेव्हा फक्त पुरुषांचे. नावे आली २२. चिठ्ठ्या काढून जोड्या पाडल्या. २२ चे ११ झाले, ११ चे ६, ६ चे ३, आणि तिघांपाशी येऊन गाडी अडली. आपल्याप्रमाणेच! तिघांपैकी विल्यम मार्शल ह्यांना पुढे चाल मिळाली, आणि स्पेन्सर गोअर ह्यांना मात्र हीथकोट ह्यांच्याशी खेळून अंतिम फेरी गाठावी लागली. अंतिम सामन्यात गोअर सहज जिंकले. येथपर्यंतची कथा आपलीच आहे. परंतु पुढे त्या मंडळींनी एक शहाणपणाची गोष्ट केली, जी मला सुचली नाही. पहिले बक्षीस १२ गिनींचे, दुसरे ७ चे आणि तिसरे ३ चे ठेवलेले होते. मार्शल अंतिम फेरीत हरले म्हणून दुसरे बक्षीस त्यांच्या हातात ठेवून ते मोकळे झाले नाहीत. त्यांनी मार्शल आणि हीथकोट ह्यांना दुसऱ्या क्रमांकासाठी एकमेकांशी खेळावयास लावले. मार्शल जिंकले, आणि मग ते बक्षीस त्यांचे झाले. आता त्यांना ‘फुकटचा दुसरा’ म्हणण्याची कुणाची छाती होती?

पण एवढ्याने माईंचा प्रश्न सुटत नाही. माई काही शेवटच्या तिघींत नव्हत्या. त्या तर पहिल्याच फेरीत गेल्या. त्यांची बाजू घेणारे कुणी इतिहासात आहे का, हे पाहू लागले, तो जे नाव सापडले त्याने मी थक्क झाले. ते नाव लुईस कॅरल. लहान मुलांची ‘अ‍ॅलिस’ लिहिणारे, तेच. त्यांचे खरे नाव चार्ल्स डॉजसन. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षे गणित शिकविले. १८६५ साली निघालेल्या ‘अ‍ॅलिस’मध्ये त्यांनी एक अशी शर्यत रंगविली आहे की तिच्यात वाटेल तेव्हा धावावे, वाटेल तेव्हा थांबावे आणि शेवटी सगळ्यांनाच बक्षीस मिळावे. त्याच गृहस्थांनी १८८३ साली, टेनिसच्या सामन्यांत बक्षिसे न्यायाने कशी द्यावीत, ह्यावर गंभीरपणे एक पुस्तिका लिहिली. तिचे निमित्त त्यांनी आरंभीच सांगितले आहे. ते एकदा सामने पाहावयास गेले असता एक खेळाडू त्यांच्यापाशी तक्रार करू लागला. तो आरंभीच्या फेरीत हरला होता, आणि आपल्याहून पुष्कळ कमी दर्जाचा माणूस दुसरे बक्षीस घेऊन जाताना त्याला उघड्या डोळ्यांनी पाहावे लागले होते. ती तक्रार आणि आपल्या माईंची, एकच की नाही?

कॅरल ह्यांचा हिशेब स्वयंपाक करता करता समजण्याइतका सोपा आहे. समजा, ३२ खेळाडू आहेत आणि जो खरोखर वरचढ तोच प्रत्येक वेळी जिंकतो. कागदाच्या दोन बाजू. इकडे १६, तिकडे १६. सर्वांत चांगला खेळाडू कोणत्या तरी एका बाजूला असणार. उरलेल्या जागा ३१. त्यांतल्या १५ त्याच्या बाजूच्या आणि १६ पलीकडच्या. खरा दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू पलीकडच्या १६ जागांपैकी एकीवर पडला, तरच तो अंतिम फेरीत येईल. तो ह्या बाजूच्या १५ जागांपैकी एकीवर पडला, तर पहिल्याची आणि त्याची गाठ वाटेतच पडणार आणि तो घरी जाणार. म्हणजे खऱ्या दुसऱ्याला दुसरे बक्षीस मिळण्याची शक्यता ३१ मध्ये १६, अर्ध्याहून किंचितच अधिक. नाणे उडवून बक्षीस दिले असते तरी जवळजवळ तेवढाच न्याय झाला असता! कॅरल ह्यांनी आणखी असे दाखविले की पहिल्या चार जणांना त्यांची त्यांची योग्य बक्षिसे मिळण्याच्या विरुद्ध बाराला एक असे माप पडते.

हा हिशेब मी कागदावर तीनदा मांडून पाहिला, आणि माझी चूक मला कळली. चिठ्ठ्या काढण्यात चूक नव्हती. बाद फेरी ही एकाच प्रश्नाचे उत्तर देते, पहिली कोण. दुसरी कोण, तिसरी कोण, माई कितव्या, हे प्रश्न तिला कुणी विचारलेलेच नसतात. मी मात्र त्या एका कागदावरून दोन बक्षिसे वाटली होती, आणि पहिल्या फेरीत हरलेल्यांना ‘तुम्ही शेवटच्या’ असे न बोलता सुचविले होते.

कॅरल ह्यांनी उपायही सुचविला होता. एकदा हरल्याबरोबर कुणाला बाद करू नये. ज्याच्याहून वरचढ असे तिघे ठरतील तोच बाद व्हावा. वरचढ कोण, ह्याचा अर्थ त्यांनी असा केला की मला ज्याने हरविले तो, आणि त्यालाही ज्याने हरविले तोदेखील. युक्ती चांगली होती, पण सामने भरविणाऱ्यांनी ती उचलली नाही. बहुधा हिशेब ठेवता ठेवता त्यांच्या नाकी नऊ आले असते.

त्याच दशकात दोन गोष्टी मात्र घडल्या. पहिली पुढे चालीची. बॅग्नॉल-वाइल्ड नावाच्या गृहस्थांनी असा तोडगा काढला की द्यावयाच्या तेवढ्या सगळ्या पुढे चाली पहिल्याच फेरीत देऊन टाकाव्यात. २, ४, ८, १६, ३२ अशा दुपटीच्या संख्या घ्या. आपल्या नावांहून लगेच मोठी असलेली संख्या धरा आणि तिच्यातून नावे वजा करा. आपल्या १९ जणी. ३२ मधून १९ गेल्या, राहिल्या १३. तेवढ्या जणींना पहिल्या फेरीत पुढे चाल. उरलेल्या ६ जणी खेळतील, ३ जिंकतील, आणि १३ व ३ मिळून बरोबर १६ होतील. तेथून पुढे ८, ४, २; कुठेही कुणी उरत नाही. अंतिम फेरीच्या दारात न खेळता येऊन उभे राहण्याची पाळी मग कुणावरही येत नाही. एवढा साधा हिशेब मला ठाऊक असता तर वहिनींना ते शब्द ऐकावे लागले नसते.

दुसरी गोष्ट आपल्या विशेष जिव्हाळ्याची. १८८४ साली विंबल्डनला प्रथमच बायकांचे सामने ठेवण्यात आले. १३ जणींनी नावे दिली. अंतिम फेरीत आल्या दोघी सख्ख्या बहिणी, लिलियन वॉटसन आणि तिची धाकटी बहीण मॉड, वय वर्षे १९. पहिला डाव थोरलीने ६ विरुद्ध ८ असा घेतला. पुढचे दोन्ही धाकटीने ६-३, ६-३ असे जिंकले. विजेतीला चांदीची फुलांची परडी मिळाली. त्या दिवशी दोघी घरी गेल्यावर काय बोलणे झाले असेल, ह्याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. थोरलीला आपण खरोखर दुसऱ्या आहोत की नाही हे कागदावरून कळले नसेल, पण बहिणीची बोटे कशी चालतात हे तिला लहानपणापासून ठाऊक असणारच.

पुढे हळूहळू आणखी सुधारणा होत गेल्या. लवकर हरलेल्यांचा दिवस फुकट जाऊ नये म्हणून विंबल्डनला १८९६ पासून पुरुषांसाठी आणि १९३३ पासून बायकांसाठी एक वेगळी, धाकटी स्पर्धा ठेवण्यात आली. आरंभीच्या फेऱ्यांत हरलेल्यांनीच तिच्यात खेळावयाचे. ती विसाव्या शतकाच्या अखेरीपूर्वी बंद पडली. दुसरी सुधारणा मानांकनाची. चांगले खेळाडू पहिल्याच फेरीत एकमेकांवर आदळू नयेत, म्हणून त्यांना कागदावर मुद्दाम दूर दूर ठेवावयाचे. शेतकरी बियाणे अंतर सोडून टोकतो ना, त्यातलाच प्रकार. इंग्रजीतले मानांकनाचे नावही बियांवरूनच आलेले आहे. विंबल्डनला १९२४ साली ह्याची थोडी सुरुवात झाली आणि १९२७ पासून गुणवत्तेवर मानांकन देऊ लागले. आता तेथे बायकांच्या एकेरीत १२८ जणी खेळतात आणि त्यांतल्या ३२ जणींना मानांकन असते.

ह्याच विंबल्डनला १९३४ साली मुंबईच्या लीला राव ह्यांनी एकेरीचा एक सामना जिंकला. तेथे सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. संस्कृतातून लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव ह्यांच्या त्या कन्या. आईदेखील टेनिस खेळणारी. पुढच्या फेरीत लीलाबाई हरल्या. बाद फेरीच्या कागदावर त्यांच्या नावापुढे ‘दुसऱ्या फेरीत पराभूत’ एवढेच येणार. तो एक सामना जिंकण्यासाठी काय काय करावे लागले असेल, ते कागदावर कोठून येणार?

त्याच वर्षी आपल्या देशात रणजी करंडकाचे क्रिकेट सुरू झाले, तेही बाद पद्धतीने. एक सामना हरला की त्या संघाचा सबंध हंगाम संपला. १९५७-५८ पासून विभागातले सामने साखळी पद्धतीने होऊ लागले. साखळीत प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावयाचे. ही पद्धत न्यायाची खरी. मग आपणही साखळीच का घेतली नाही, असे कुणी विचारील. त्याचा हिशेब पाहा. १९ जणींनी एकमेकींशी खेळावयाचे तर सामने होतात १७१. एका सामन्याला पाव तास धरला तरी जवळजवळ ४३ तास! बाद पद्धतीत मात्र १८ सामन्यांत काम भागते. प्रत्येक सामन्यात एकच बाई घरी जाते. १८ जणी घरी जावयास हव्यात, म्हणून सामने १८. साडेचार तासांत मोकळ्या, दिवेलागणीच्या आत घरी. बाद फेरी लोकप्रिय झाली ती न्यायापेक्षा ह्या सोयीमुळे अधिक.

न्याय आणि सोय ह्यांच्यामध्ये काही वाट आहे का? आहे, आणि ती फार सोपी आहे. १९३२ साली योझेफ श्रायर नावाच्या पोलिश गणितज्ञाने ह्या प्रश्नावर लिहिले. त्यातले मर्म असे की खरी दुसरी कोण हे शोधण्यासाठी सर्व बायकांना पुन्हा खेळविण्याची गरज नाही. जी खरोखर दुसरी आहे, ती पहिलीवाचून दुसऱ्या कुणाकडूनही हरणार नाही. म्हणून दुसरी शोधावयाची ती फक्त पहिलीने स्वतः हरविलेल्यांत! बाकी सगळ्यांची नावे आपोआप गळतात.

हे वाचले आणि मी कपाटातून गेल्या श्रावणातला तो कागद बाहेर काढला. विजेत्या भगिनी पाच सामने खेळल्या होत्या. त्यांनी हरविलेल्या जणी पाच. सर्वांत आधी हरलेल्या माई, सर्वांत शेवटी हरलेल्या वहिनी, आणि मधल्या तिघी. पाच जणींतून एक निवडावयाची म्हणजे अवघे चार सामने. एक तासाचे काम! आणि एवढ्यासाठी दोघींनी मंडळात येणे सोडले होते.

मी दोघींच्या घरी गेले. प्रथम माझी चूक कबूल केली, मग कागद दाखवून हिशेब सांगितला. माईंनी चष्मा लावून सगळे नीट पाहिले आणि म्हणाल्या, “म्हणजे मी अजून गेलेलीच नाही म्हण की!” वहिनी आधी तयार होईनात. शेवटी एका अटीवर आल्या. पाच जणींच्या डावात तिघींना पुढे चाल द्यावीच लागते. ती आपल्याला मुळीच नको. “पहिला सामना मीच खेळणार,” असे त्यांनी बजावले. ही अट सगळ्यांनी हसत मान्य केली.

एका गुरुवारी दुपारी आम्ही जमलो. वहिनी पहिला सामना जिंकल्या, दुसराही जिंकल्या. माई आपला एक सामना जिंकून पुढे आल्या. शेवटी समोरासमोर बसल्या त्या माई आणि वहिनी. सतरंजीभोवती इतकी गर्दी झाली होती की मूळ अंतिम सामन्यालाही तेवढी नव्हती. माईंची पहिली चूक तिसऱ्या पायरीवर झाली, वहिनींचीही तिथेच. मग वहिनींनी चारही गोटे एका मुठीत उचलले आणि वरचा अलगद झेलला. स्टीलचा डबा कपाटातून निघून पुन्हा वहिनींकडेच गेला. पण ह्या वेळी त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आणि टाळ्या सर्वांत आधी माईंनी वाजविल्या.

सगळे उठू लागले, तेव्हा माईंनी मला जवळ बोलाविले. “आता समजले. पहिली ती, दुसरी ही. म्हणजे मी तिसरी ना ग?”

मी पुन्हा कागद पाहिला. खोटे कसे सांगावे? “माई,” मी म्हटले, “तिसरी कोण हे अजून ठरलेले नाही. वहिनींनी त्या दिवशी ज्यांना हरविले होते, त्यांतलीही एखादी असू शकेल. त्यासाठी आणखी काही सामने खेळावे लागतील.”

माईंनी गोटे मुठीत गोळा केले, पदराने पुसले आणि सतरंजीवर ठेवले.

“मग उभी काय राहिलीस? आख रेघा.”